रंगालाही दिशा असते

पाऊस स्थिरावला की जामसरच्या आसपासच्या खाचरांत चिखलणी सुरू होते. माणसे, बैल आणि आता कुठे कुठे पॉवर टिलर घोट्याच्या वर चिखलात उतरतात. त्याच चिखलात आणखी कुणीतरी राबत असते, ते मात्र डोळ्यांना दिसत नाही. भाताच्या खाचरात, गावतळ्याच्या तळाशी, सांडपाण्याच्या डबक्यात जांभळ्या जिवाणूंची वस्ती असते. झाडांप्रमाणेच ते सूर्यप्रकाशावर जगतात, फक्त झाडांसारखा ऑक्सिजन बाहेर टाकत नाहीत.

या जिवाणूंच्या पोटातले रंगद्रव्याचे रेणू उभे आहेत की आडवे, एकमेकांशी कोणत्या कोनात आहेत, हे शोधण्यात जगातल्या अनेक प्रयोगशाळांनी काही दशके घालवली. वाचक विचारतील, डॉक्टर, याचे आम्हाला काय? जिथे पावसाळ्यात पाड्यावरून रुग्णाला डोलीतून आणावे लागते, तिथे जिवाणूंच्या रंगाची दिशा घेऊन काय करायचे? प्रश्न रास्त आहे. गेली अनेक वर्षे सरकारी रुग्णालयात ताप, अॅनिमिया आणि कावीळ पाहत आलेला डॉक्टर म्हणून मी त्याचे उत्तर देऊ पाहतो. माझ्या मते हा प्रश्न आपल्यापासून जितका दूर वाटतो तितका दूर नाही, आणि तो दूरचा समजण्याची किंमत शेवटी आपल्याच माणसांना मोजावी लागते.

आधी हे जिवाणू काय करतात ते पाहू. जर्मन शास्त्रज्ञ एंगलमान याने १८८३ साली सूक्ष्मदर्शकाखाली या जिवाणूंवर इंद्रधनुष्यासारखा वर्णपट पाडला. जिवाणू ज्या ठिकाणी गोळा झाले त्यातले एक ठिकाण वर्णपटाच्या तांबड्या टोकाच्याही पलीकडे होते. माणसाच्या डोळ्याला तिथे अंधार दिसतो, जिवाणूंना तिथे अन्न दिसत होते. त्याचे कारण सोपे आहे. पाण्याच्या वरच्या थरातली शेवाळे आणि पाने निळा व तांबडा प्रकाश आधीच खाऊन टाकतात. खाली उरतो तो सातशे नॅनोमीटरच्या पुढचा, आपल्याला न दिसणारा अवरक्त प्रकाश. पंगतीत शेवटी बसलेल्याने उरलेल्यावर पोट भरावे, तसे हे जिवाणू ८०० ते ९०० नॅनोमीटरच्या प्रकाशावर भागवतात. पुढे १९३०च्या दशकात व्हॅन नील या संशोधकाने दाखवले की यांतले काही जिवाणू पाण्याऐवजी हायड्रोजन सल्फाइड वापरतात, म्हणून ऑक्सिजन बाहेर पडत नाही. त्यातूनच झाडे सोडतात तो ऑक्सिजन कार्बन डायऑक्साइडमधून येत नसून पाण्यातून येतो, हा तर्क पुढे आला. आपल्या प्रत्येक श्वासामागचे हे सत्य चिखलातल्या जिवाणूंनी सुचवले.

हे काम करणाऱ्या रंगद्रव्याचे नाव बॅक्टेरिओक्लोरोफिल. झाडाच्या हरितद्रव्याचा हा सख्खा भाऊ आणि आपल्या रक्तातल्या 'हीम'चा चुलतभाऊ म्हणायला हरकत नाही. तिघांचीही मूळ बांधणी एकच: चार छोट्या कड्या जोडून झालेले एक सपाट चक्र. हरितद्रव्यात त्या चक्राच्या मधोमध मॅग्नेशियम बसतो, हीममध्ये लोह. जीवसृष्टीने एकच साचा दोन कामांना वापरला आहे, एकदा प्रकाश पकडायला आणि एकदा ऑक्सिजन वाहायला. हीम तुटले की बिलिरुबिन होते, ते साठले की बाळाचे डोळे पिवळे होतात, आणि तो पिवळेपणा आपण निळ्या दिव्याखाली घालवतो. रंगद्रव्य आणि प्रकाश यांचे नाते हा डॉक्टरच्या रोजच्या कामाचाच भाग आहे.

आता दिशेकडे वळू. झोपाळ्याला पुढे-मागे ढकलले तर तो झुलतो. बाजूने कितीही जोर लावला तरी नुसता हिसका बसतो, झोका चढत नाही. रंगद्रव्याच्या रेणूचे तसेच आहे. प्रकाश ही एक लहर आहे आणि ती कोणत्या तरी दिशेने झुलत येते. रेणूचाही स्वतःचा एक अक्ष असतो. प्रकाशाचे झुलणे त्या अक्षाच्या दिशेने असेल तर रेणू तो प्रकाश शोषतो, काटकोनात असेल तर सोडून देतो. साध्या सूर्यप्रकाशात सगळ्या दिशांची झुलणी मिसळलेली असतात, म्हणून हा फरक आपल्याला जाणवत नाही. एकाच दिशेने झुलणारा प्रकाश, म्हणजे ध्रुवीकृत प्रकाश वापरला की तो लगेच उघड होतो.

संशोधकांनी याचाच उपयोग केला. जिवाणूंच्या प्रकाश पकडणाऱ्या पटलांचे तुकडे जेलीसारख्या पदार्थात घालून ती जेली एका बाजूने दाबली. जेली लांबली तसे आतले तुकडे एका दिशेने लागले, प्रवाहात पडलेल्या काटक्या लागतात तसे. मग त्यातून एकदा उभा झुलणारा आणि एकदा आडवा झुलणारा प्रकाश सोडून प्रत्येक तरंगलांबीला किती शोषला गेला ते मोजले. दोन्हींतला फरक काढला की रेणूचा अक्ष कोणत्या कोनात आहे ते गणिताने कळते. या पद्धतीला लिनिअर डायक्रोइझम म्हणतात. यात भारी काही नाही असे कुणाला वाटेल, तर त्याने उन्हाच्या पोलरॉइड चष्म्याकडे पाहावे. प्लास्टिकची पातळ पट्टी ताणून तिच्यात आयोडिन भरले की आयोडिनचे कण एका रेषेत लागतात आणि ती पट्टी एका दिशेचा प्रकाश अडवते. अमेरिकेच्या एडविन लँडने १९३८ मध्ये बनवलेल्या पोलरॉइडचे तत्त्व हेच. आमच्या ड्रेसिंग रूममध्ये जखमेला लावतात तेच आयोडिन.

या मोजमापांतून जे चित्र उभे राहिले ते जव्हार-मोखाड्याच्या माणसाला समजायला मुळीच अवघड नाही. आपल्याकडचा तारपा नाच आठवा. मधोमध तारपा वाजवणारा, भोवती एकमेकांच्या कमरेला धरून फेर धरलेले नाचणारे. जांभळ्या जिवाणूच्या एका जातीत प्रकाश पकडणाऱ्या रचनेत असाच फेर असतो. अठरा रंगद्रव्य-रेणू खांद्याला खांदा लावून उभे, आणि त्यांच्या शेजारच्या दुसऱ्या फेरात नऊ रेणू जवळजवळ आडवे पडलेले. आडवे असलेले ८०० नॅनोमीटरचा प्रकाश पकडतात आणि ती ऊर्जा उभ्या असलेल्यांकडे देतात. ते ८५० नॅनोमीटरला काम करतात. ही देवाणघेवाण साधारण एका सेकंदाच्या लाख कोटीव्या भागात उरकते. सगळा फेर जेमतेम सात नॅनोमीटर रुंद. उभे कोण आणि आडवे कोण, हे ध्रुवीकृत प्रकाशाने १९८०च्या दशकातच सांगितले होते. क्ष-किरणांनी त्या फेराचे प्रत्यक्ष चित्र मिळाले ते १९९५ साली, आणि आधीचा अंदाज बरोबर निघाला. त्याच्याही आधी, अशाच एका जिवाणूच्या प्रकाशसंश्लेषण केंद्राची रचना उलगडल्याबद्दल डायझेनहोफर, ह्यूबर आणि मिशेल या तिघांना १९८८ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले.

पण दिशेला एवढे महत्त्व का? याचे उत्तर मिळायला थोडे मागे जावे लागते. १९३२ साली इमर्सन आणि अर्नोल्ड या दोन अमेरिकी संशोधकांना शेवाळावरच्या प्रयोगात दिसले की ऑक्सिजनचा एक रेणू सुटायला सुमारे अडीच हजार हरितद्रव्य-रेणूंचा ताफा लागतो. एवढे सगळे रेणू पकडलेली ऊर्जा एका ठिकाणी पोचवतात तरी कशी? हे कोडे ज्यांना पडले त्यांत फॉर्स्टर हा जर्मन शास्त्रज्ञ होता. १९४०च्या दशकात त्याने गणित मांडले: एका रेणूने पकडलेली ऊर्जा स्पर्शाशिवाय शेजारच्या रेणूकडे जाऊ शकते, आणि ती किती सहज जाईल हे दोघांतल्या अंतरावर व कोनावर ठरते. कोन चुकला तर शेजारी असूनही देवाणघेवाण थांबते.

आता हेच गणित कुठे भेटते पाहा. कोरोनाच्या काळात आपण सगळ्यांनी आरटी-पीसीआरचा अहवाल येण्याची वाट पाहिली. त्या तपासणीच्या अनेक संचांत एका छोट्या तुकड्यावर दोन रंगद्रव्ये जवळजवळ बसवलेली असतात. जवळ असेपर्यंत एकाची चमक दुसरे गिळून टाकते. विषाणूचा जनुकीय धागा सापडला की तो तुकडा तुटतो, दोघे लांब जातात आणि चमक दिसू लागते. यामागे फॉर्स्टरचे तत्त्व आहे. पानात प्रकाश कसा फिरतो असा प्रश्न पडलेल्यांना १९४०च्या दशकात कुणी 'याचा रुग्णाला उपयोग काय' असे विचारले असते, तर त्यांना खरे उत्तर देता आले नसते. उपयोग पुष्कळ होता, फक्त त्याचे नाव अजून कुणाला माहीत नव्हते.

दुसरे उदाहरण आमच्या भागाच्या अधिक जवळचे आहे. पावसाळ्यात थंडी वाजून ताप आला की मलेरिया हा पहिला संशय. मलेरियाचा परजीवी लाल पेशीत शिरून हिमोग्लोबिन खातो. त्यातला हीम त्याला पचत नाही, उलट विषारी ठरतो. म्हणून तो त्याचे तपकिरी-काळे स्फटिक करून बाजूला टाकतो. यालाच हिमोझोइन म्हणतात. क्लोरोक्विन हे औषध नेमके हे स्फटिक होऊ देत नाही, आणि परजीवी आपल्याच उष्ट्याच्या विषाने मरतो. लावराँ या फ्रेंच लष्करी डॉक्टरला १८८० साली अल्जीरियात परजीवी सापडला तो या काळ्या कणांमुळे. सिकंदराबादला २० ऑगस्ट १८९७ रोजी रोनाल्ड रॉस याला डासाच्या पोटात तेच कण दिसले आणि डासाचा गुन्हा सिद्ध झाला. रॉस हाही सरकारी डॉक्टरच. रंगद्रव्याकडे नीट पाहणे हे मलेरियाच्या इतिहासातले सगळ्यात मोठे शस्त्र ठरले आहे.

या स्फटिकांनाही दिशा असते. ते चुंबकाला थोडी दाद देतात, म्हणून चुंबकीय क्षेत्रात एका रेषेत लागतात. अशा वेळी रक्ताच्या थेंबातून ध्रुवीकृत प्रकाश सोडला तर चुंबक असताना आणि नसताना पलीकडे पोचणाऱ्या प्रकाशात फरक पडतो. या तत्त्वावर मलेरिया ओळखणारी छोटी यंत्रे तयार झाली आहेत. जिवाणूच्या रंगद्रव्याचा कोन मोजताना जेली दाबली, इथे चुंबक धरला. बाकी विचार तोच.

मात्र मी यंत्रांचा जाहिरातदार नाही. अगदी कोवळ्या अवस्थेतल्या परजीवीत हिमोझोइन फारच कमी असते, त्यामुळे असे यंत्र त्याला चुकवू शकते. फॅल्सिपेरममध्ये ही कोवळी अवस्थाच प्रामुख्याने बोटाच्या रक्तात दिसते. म्हणून काचपट्टीवर रक्त घेऊन सूक्ष्मदर्शकातून तासन्‌तास पाहणारा आमचा लॅब टेक्निशियन आजही मोलाचा आहे. यंत्र कुठे चुकेल हे कळण्यासाठीही ते ज्या विज्ञानावर चालते ते समजायला हवे. ही समज नसेल तर आपण फक्त गिऱ्हाईक उरतो.

याचा दाखला प्रत्येकाच्या बोटाला लागून गेला आहे. कोरोनात आशाताईंच्या पिशवीत पल्स ऑक्सिमीटर आला. तो बोटातून ६६० नॅनोमीटरचा तांबडा आणि ९४० च्या आसपासचा अवरक्त प्रकाश सोडतो. ऑक्सिजन घेतलेले आणि न घेतलेले हिमोग्लोबिन या दोन प्रकाशांना वेगवेगळे शोषते, त्यावरून आकडा निघतो. जपानच्या ताकुओ आओयागी यांची १९७०च्या दशकातली ही कल्पना, आणि तिने असंख्य जीव वाचवले. पण त्वचेत मेलॅनिन हे आणखी एक रंगद्रव्य असते. २०२० च्या डिसेंबरमध्ये अमेरिकेतल्या डॉक्टरांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दिसले की यंत्र ९२ ते ९६ दाखवत असताना धमनीतल्या रक्तात प्रत्यक्षात ८८ पेक्षा कमी ऑक्सिजन असण्याचे प्रमाण गोऱ्या रुग्णांत ३.६ टक्के, तर कृष्णवर्णीय रुग्णांत ११.७ टक्के होते. म्हणजे ज्याला ऑक्सिजन हवा त्याला यंत्र 'ठीक आहे' म्हणत होते, आणि काळ्या कातडीच्या माणसाला तसे जास्त वेळा म्हणत होते.

हा आकडा अमेरिकेतल्या रुग्णांचा आहे, तो जसाच्या तसा इथे लावता येणार नाही. पण शेतात आणि वीटभट्टीवर उन्हात रापलेल्या माणसाच्या बोटावर यंत्र किती खरे बोलते, हे आपण विचारायला नको का? या प्रश्नाचे उत्तर बाहेरून विकत मिळत नाही. ते आपल्या माणसांवर, आपल्या प्रयोगशाळांत, आपल्या डॉक्टरांना शोधावे लागते. त्यासाठी रंगद्रव्य आणि प्रकाश यांचे मूलभूत शास्त्र जाणणारी माणसे आपल्याकडे हवीत.

आक्षेप मला माहीत आहे. जव्हार-मोखाडा म्हटले की आजही १९९२ सालचे वावर-वांगणी आठवते. मुले दगावली आणि सगळा देश हळहळला. अशा भागात आधी पोटभर जेवण, वेळेवर गाडी, भरलेली पदे, आणि मग बाकीचे. याच्याशी माझे भांडण नाही. उद्या सरकारने मला विचारले की एक भौतिकशास्त्रज्ञ हवा की एक बालरोगतज्ज्ञ, तर मी बालरोगतज्ज्ञच मागेन. पण असे विचारणे हीच खोच आहे. मुंबई-पुण्याच्या मुलाला कुणी म्हणत नाही की आधी तुझ्या गल्लीतला खड्डा बुजू दे, मग विश्वाचा विचार कर. फक्त पाड्यावरच्या मुलाला आपण 'उपयोगी' तेवढेच शिकवायचे ठरवतो: शिवणकाम, वेल्डिंग, फार तर नर्सिंग. ही कामे मोलाचीच आहेत. पण कुतूहलावर बंधन फक्त गरिबाच्या मुलालाच का? पोषण आहाराची थाळी आणि कुतूहल यांतले एकच मिळेल, असा हिशेब मुळात मांडला कुणी?

कुतूहल आपल्याकडे नाही असेही नाही. २०२० च्या जूनमध्ये बुलडाण्यातल्या लोणार सरोवराचे पाणी गुलाबी झाले तेव्हा सारा महाराष्ट्र विचारू लागला, असे का? कुणी शकुन काढले, कुणी अपशकुन. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने नमुने तपासून सांगितले की पाणी आटून क्षार वाढल्यामुळे खारट पाण्यात रमणाऱ्या, गुलाबी रंगद्रव्य बनवणाऱ्या सूक्ष्मजीवांची संख्या वाढली होती. उत्तर मिळाले कारण ते शोधू शकणारी संस्था आधीपासून होती आणि सूक्ष्मजीवांचा अभ्यास करणारी माणसे तिथे बसलेली होती. आग लागल्यावर विहीर खणायला घेतली असती तर आपल्या हाती शकुनच उरले असते.

म्हणून माझे म्हणणे तीन साध्या गोष्टींचे आहे.

पहिली, आश्रमशाळांसाठी. एक काचेची बरणी घ्या. तळाशी खाचरातला चिखल भरा, त्यात कागदाचे कपटे, अंड्याच्या टरफलांची पूड आणि उकडलेल्या अंड्याचा थोडा पिवळा बलक मिसळा. वर आणखी चिखल, मग खाचराचेच पाणी. झाकण सैल ठेवून बरणी खिडकीत, पण भर उन्हात नाही, अशी दोन-अडीच महिने ठेवा. सडक्या अंड्याचा वास येईल, तो यायलाच हवा. बरणी हाताळल्यावर हात साबणाने धुवा. हळूहळू काचेवर हिरवे, लाल, जांभळे पट्टे उमटू लागतील. विनोग्राडस्की या शास्त्रज्ञाने १८८०च्या दशकात शोधलेली ही युक्ती आहे. सोबत पोलरॉइडचे दोन तुकडे द्या. एकावर एक ठेवून फिरवले की अंधार होतो, मध्ये चिकटपट्टीचे काही थर धरले की रंग उमटतात. हा सगळा खर्च एका फलकाच्या उद्घाटनापेक्षा कमी आहे.

दुसरी, आरोग्य खात्यासाठी. प्रकाशावर चालणारे कोणतेही उपकरण, मग ते ऑक्सिजन मोजणारे असो, बोटाला न टोचता हिमोग्लोबिन सांगणारे असो किंवा कावीळ मोजणारे असो, खरेदी करण्यापूर्वी ते आपल्या लोकांच्या त्वचेवर तपासलेले असावे, आणि त्या तपासणीचा निकाल सगळ्यांना पाहता यावा. निविदेत किंमत आणि वॉरंटी विचारतात, तशीच ही एक ओळ असावी. तोवर ऑक्सिमीटरचा आकडा चांगला असला तरी रुग्णाला धाप लागत असेल तर आकड्यावर नव्हे, धापेवर विश्वास ठेवा. हे डॉक्टर, नर्स आणि आशाताई सगळ्यांसाठी.

तिसरी, पैसा देणाऱ्यांसाठी. मूलभूत संशोधन करणाऱ्याला दर वर्षी 'उपयोग काय' असे विचारू नका. प्रश्न नीट मांडला का, मोजमाप प्रामाणिक आहे का, विद्यार्थी तयार होत आहेत का, हे विचारा. पैशाचा हिशेब जरूर घ्या, पण पेरल्याच्या दुसऱ्या दिवशी बी उकरून पाहू नका. भात लावणाऱ्याला हे सांगायची गरज पडत नाही, मंत्रालयात मात्र पडते.

जिवाणूच्या त्या फेरात एकेक रेणू योग्य कोनात उभा असतो म्हणून चिखलातल्या अंधुक उजेडावरही त्याचे भागते. आपल्याकडे प्रकाश कमी नाही, पोरे हुशार आहेत, प्रश्न तर पावलोपावली आहेत. ते नीट जुळवून लावायचे काम तेवढे आपल्याला करायचे आहे, आणि ते करताना जामसरचा पोरगा फक्त रुग्णांच्या रांगेत नको, सूक्ष्मदर्शकाच्या मागच्या बाजूलाही हवा.